सिद्रामचा कान

सिद्राम गेल्याचं मला मोडनिंबच्या एसटी थांब्यावर कळलं. थोरल्या बहिणीकडे चार दिवस राहून मी सोलापूरच्या गाडीची वाट बघत उभा होतो, आणि आमच्या संगीत मंडळाच्या कार्यक्रमांना सतरंज्या घालणारा मल्लू समोरून आला. "मास्तर, तुमी हितं? सिद्रामप्पा गेले की. परवाच माती झाली. समदे तुमालाच इचारत हुते." काय झालं, कसं झालं, मी विचारलं. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, असं त्यानं सांगितलं. मल्लू बोलत होता, मी मान हलवत होतो, आणि त्या वेळी मला जे वाटलं ते आधीच सांगून टाकतो, कारण ते लपवून पुढचं लिहिण्यात काही अर्थ नाही. दुःख मला नंतर झालं. पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. आता मला कोणी विचारणार नाही, असं वाटलं... मग गाडी आली, खिडकीशी जागा मिळाली, आणि सोलापूर येईपर्यंत मला माझीच किळस यायला लागली होती.

या पुरवणीच्या वाचकांना मी गाण्याच्या कार्यक्रमांवर लिहिणारा शाळामास्तर म्हणून ठाऊक आहे. शहरात कोणी तबलजी गेला, कोणी जुना पेटीवाला गेला, की आठ दिवसांच्या आत माझा लेख येतो. इतका नेमानं येतो, की माझा एक सहकारी म्हणतो, तू लोकांच्या जाण्याची वाटच बघत असतोस. सिद्रामला जाऊन महिना उलटला तरी लेख आला नाही, तेव्हा दोघातिघांनी मला रस्त्यात हटकलं. मी प्रकृतीचं कारण सांगितलं. प्रकृती ठणठणीत होती. खरं कारण असं, की मी सिद्रामशी एकदा खोटं बोललो होतो. एकदाच, एकच वाक्य, चाळीसेक माणसांसमोर. त्या वाक्यानं त्याचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास गेला, आणि त्या कानांवर तर तो जगत होता. ते वाक्य मला मागे घेता आलं असतं, पुढची सहा वर्षं कुठल्याही दिवशी घेता आलं असतं. मी घेतलं नाही.

सिद्राम गिरणीत वायरमन होता. मूळचा अक्कलकोटच्या पलीकडचा, घरी कानडी, बाहेर आपली सोलापुरी. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी मी त्याला नावानं हाक मारायचो आणि तो मला 'तुमी' म्हणायचा. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. आमची ओळख त्या मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची. मंडळानं एका वयस्कर गवयांचं गाणं ठेवलं होतं आणि मध्यंतरात हा पांढऱ्या टोपीवाला माणूस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, तंबोऱ्याची खर्जाची तार कर्ण्यात पोचतच न्हाय. गवई बिचारं तसंच गायलंय." मला तसं काही जाणवलं नव्हतं, पण मी गंभीरपणे मान डोलावली. त्यानं जाऊन माइक वीतभर सरकवला, अँप्लिफायरचं एक बटण जरासं फिरवलं. उत्तरार्धात तंबोरा सगळ्या मांडवात भरला म्हणे. खरं सांगायचं तर मला तेव्हाही फारसा फरक कळला नाही. बाजूचे दोघे 'वा' म्हणाले म्हणून मीही म्हणालो. दोन दिवसांनी माझ्या परीक्षणात मात्र ठसठशीत वाक्य होतं, की पूर्वार्धात खर्ज श्रोत्यांपर्यंत पोहोचत नव्हता. आमच्या मुख्याध्यापकांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि म्हणाले, काय कान आहे हो तुमचा.

म्हणजे ही आणखी एक कबुली झाली. माझा कान अगदी साधा आहे. रागांची नावं मी पुस्तकातून शिकलो. त्या दिवसापासून मी दर कार्यक्रमाला सिद्रामच्या शेजारी बसायला लागलो आणि चहाच्या वेळी सहज विचारल्यासारखं विचारायचो, "काय सिद्राम, कसं काय?" तो आपला सांगायचा, की तबल्याची चाट आज जरा उतरली हाय, पेटीचा एक सूर मेलाय, बाईंचा आवाज वर जाताना किंचित पातळ होतोय. मी घरी येऊन ते शुद्ध मराठीत लिहायचो. लेख छापून आला की तो बोट ठेवून सावकाश वाचायचा आणि म्हणायचा, "बरं लिवलंय मास्तर. अगदी माज्या मनातलं." त्यात टोमणा नव्हता. शिकलेल्या माणसालाही आपल्यासारखंच ऐकू येतं, याचा त्याला खरोखर आनंद व्हायचा.

भवानी पेठेत त्याच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत संसार आणि मागच्या खोलीत त्याचं हे वेड. दुसरा कोणी असता तर स्टुडिओ म्हणून पाटी लावली असती, सिद्राम नुसतं 'मागली खोली' म्हणायचा. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना, दाराला, वर छतालासुद्धा चादरी ठोकलेल्या होत्या. अस्सल सोलापुरी चादरी, पण विणताना बिघडलेल्या. कुठे काठ तिरका गेलेला, कुठे रंग चुकलेला, एका भिंतीवर तर मोरांची अख्खी रांग डोक्यावाचून उभी होती. बाजारात न खपणारा असला माल आजूबाजूचे यंत्रमागवाले त्याला आपण होऊन आणून द्यायचे. खाली टेबलांवर, जमिनीवर यंत्रं. जत्रेत तंबूतला सिनेमा दाखवणाऱ्यांनी टाकून दिलेले अँप्लिफायर, बंद पडलेल्या थेटरातले स्पीकर, आणि जेऊरच्या स्टेशनाजवळ एका गोदामात भुशाखाली सापडलेला स्पूलचा भलामोठा टेपरेकॉर्डर. सगळी व्हॉल्व्हची यंत्रं, म्हणजे जुन्या रेडिओच्या पोटात तांबूस पेटणाऱ्या त्या काचेच्या नळ्यांवर चालणारी. त्या वेळी जो तो ट्रान्झिस्टरच्या मागे लागला होता आणि हा माणूस भंगार बाजारातून लोकांनी फेकलेले डबे सायकलला बांधून घरी आणत होता.

आणलेला डबा तो लगेच कधीच चालू करायचा नाही. आधी आठवडाभर नुसता पुसायचा. उंदरांनी केलेली घरटी काढायची, वाळलेले कंडेन्सर बदलायचे, सुटलेल्या तारांना डाख द्यायचा. ट्रान्सफॉर्मर जळलेला असला तर त्याची तार उलगडून नव्यानं गुंडाळायची, हातानं, एकेक वेढा मोजत. अशा वेळी त्याची बायको महादेवी समोर दोन वाट्या घेऊन बसायची. शंभर वेढे झाले की तो कानडीत 'नूरु' म्हणायचा आणि ती एका वाटीतला शेंगदाणा दुसऱ्या वाटीत टाकायची. शेवटी दाणे मोजले की वेढ्यांचा हिशेब लागायचा. एकदा गप्पांच्या भरात मी त्यातले चार-पाच दाणे तोंडात टाकले आणि दोन दिवसांचं काम त्याला पहिल्यापासून करावं लागलं. महादेवीवहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की मी वाटीपासून हातभर लांब सरकलो. सिद्राम रागावला नाही. "मास्तर, पुढच्या टायमाला तुमाला येगळी वाटी ठिवू की," एवढंच म्हणाला.

तिन्ही बाजूंना माग खडखडत असायचे, म्हणून गाणं भरून घ्यायचं ते मागांच्या सुट्टीच्या दिवशी. पण माग थांबले की पेठेतला विजेचा दाब एकदम चढायचा आणि व्हॉल्व्ह जळायची भीती असायची. मग सिद्राम दाब कमीजास्त करायच्या पेटीवर एक हात ठेवूनच बसायचा. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. तोपर्यंत खोलीत कोणी बोलायचं नाही, असा त्याचा नियम होता. भजनी मंडळातला एखादा गडी चुळबुळ करायला लागला तर तो समजावायचा, "बसा की वाईच. सायकलवरनं आलाय, तेवढ्यात तुमचा बी दम बसतोय." मग त्या काचेच्या नळ्यांकडे बघत सगळे गप्प बसायचे. गाणं भरून झालं की तो ते पुन्हा लावायचा, पेन्सिलीनं एकेका व्हॉल्व्हला हळूच टिचकी मारायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि एखाद्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "ह्यो दमलाय. आजून चार म्हैने." चार महिन्यांनी तो व्हॉल्व्ह जायचा. मी हे दोनदा ताडून बघितलं आहे. भरून घेतलेलं गाणं तो फुकट द्यायचा, फक्त एक विनंती करायचा, की ऐकताना मधे बोलू नका.

दुष्काळ सरला त्या वर्षी मंडळाला स्वतःचं ध्वनियंत्र घ्यायचं होतं. मी कार्यवाह होतो. मीच सिद्रामला म्हणालो, की तू कर, मंडळ घेईल. त्यानं आठ महिने घातले. गिरणीतून आला की मागल्या खोलीत. दोन मोठे ट्रान्सफॉर्मर त्यानं नव्यानं गुंडाळले, वहिनींनी किती शेंगदाणे इकडून तिकडे टाकले देव जाणे. यंत्र तयार झालं आणि त्याच सुमारास गावातल्या एका शेठजींनी मुंबईहून ट्रान्झिस्टरचा कोराकरकरीत अँप्लिफायर आणून मंडळाला भेट द्यायचं ठरवलं. कमिटीत दोन तट पडले. शेठजींना नाही म्हणायची माझी छाती नव्हती आणि सिद्रामला दिलेला शब्दही मोडायचा नव्हता. म्हणून मला एक युक्ती सुचली, आणि ती सुचली तेव्हा मी स्वतःवर फार खूश झालो. दोन्ही यंत्रं पडद्यामागे ठेवायची, एकच रेकॉर्ड तीनदा लावायची, आणि सिद्रामनं समोर बसून ओळखायचं की कुठलं कधी वाजलं. ओळखता आलं तर फरक आहे हे सिद्ध होईल आणि मंडळ त्याचं यंत्र घेईल. ओळखता आलं नाही तर भेट स्वीकारावी. सिद्राम हसला. "वळकतो की," म्हणाला. शेठजीही तयार झाले. पडद्यामागे फक्त एक माणूस असावा आणि तो दोघांच्याही विश्वासाचा असावा, असं ठरलं. तो माणूस मी.

रविवारची सकाळ होती, आमच्या शाळेचं सभागृह, चाळीसेक मंडळी. सिद्राम धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. मागे बायकांत महादेवीवहिनी होत्या. पडद्यामागे दोन्ही यंत्रं चालू होती, स्पीकर एकच होता. एका यंत्रावरच्या तारा सोडवायच्या, दुसऱ्याला जोडायच्या आणि सुई रेकॉर्डवर ठेवायची, एवढंच माझं काम. आदल्या दिवशी सिद्रामनं मला ते दोनदा करून दाखवलं होतं आणि मी 'कळलं, कळलं' म्हटलं होतं. पहिल्यांदा सिद्रामचं यंत्र लावलं. तीन मिनिटं वाजलं. मग त्याच्या तारा सोडवल्या आणि नव्या यंत्राच्या स्क्रूखाली घालायला लागलो. स्क्रू बारीक, पेचकस जाड, हाताला घाम. तार आत जाईना, गेली तर निसटायची. बाहेर कुजबुज सुरू झाली. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "मास्तर, चहाला गेलात काय?" आणि सगळं सभागृह हसलं. मला हसलेलं सहन होत नाही, वर्गातही होत नाही. काहीतरी वाजू दे एकदाचं, म्हणून मी तारा पुन्हा सिद्रामच्याच यंत्राच्या मोठ्या स्क्रूंना जोडल्या आणि सुई ठेवली. तिसऱ्यांदा नीट लावू, असं मनात म्हटलं. तिसऱ्यांदाही जमलं नाही.

रेकॉर्ड संपली. अध्यक्षांनी विचारलं, "हं, सिद्रामप्पा, सांगा." सिद्राम उठून उभा राहिला. जरा गोंधळल्यासारखा दिसत होता, पण आवाज स्वच्छ होता. "तिन्ही बार माजाच वाजलाय की." सभागृहात खसखस पिकली. शेठजी हसत म्हणाले, "म्हणजे आमचा वाजलाच नाही? मग आणला कशाला?" कोणीतरी पडदा ओढला आणि मी सगळ्यांसमोर पेचकस हातात घेऊन उभा राहिलो. मला स्क्रू लावता आला नाही, एवढंच म्हणायचं होतं. सिद्राम बरोबर आहे, हे त्यात आपोआप आलं असतं. फार तर आणखी एक हशा झाला असता, तो माझ्यावर. मी म्हणालो, "दुसऱ्यांदा नवा होता."

सिद्रामनं माझ्याकडे बघितलं. "मास्तर, दुसरा?"

"हो. दुसरा."

तो खाली बघत थोडा वेळ उभा राहिला. मान तशीच तिरकी केली होती, व्हॉल्व्ह ऐकताना करायचा तशी. दुसऱ्यांदा वाजलेलं तो मनातल्या मनात पुन्हा ऐकत असणार. मग म्हणाला, "मंग माजंच चुकलं आसंल." आणि खाली बसला. नव्या यंत्राला हार घातला गेला. सिद्रामचा अँप्लिफायर हातगाडीवरून भवानी पेठेत परत गेला, आणि गाडीला पुढून धरून ओढणाऱ्या सिद्रामला मी 'सावकाश ने' असं सांगितलं. एवढ्यावर भागलं असतं तरी बरं होतं. दोन दिवसांनी मी याच पुरवणीत त्या कार्यक्रमाचा वृत्तान्त लिहिला. जुन्या यंत्रांच्या अभिमानात कानसुद्धा फसतात, असं एक वाक्य त्यात होतं. लोकांना ते आवडलं होतं.

त्यानंतर सिद्राम कार्यक्रमांना यायचा, माझ्या शेजारी बसायचा, आणि चहाच्या वेळी मी 'कसं काय' म्हटलं की म्हणायचा, "तुमीच सांगा मास्तर. तुमचा कान बरा." चिडून नव्हे. खरंच तसं समजून. माझी परीक्षणं त्यानंतर पोकळ झाली, 'रंगत उत्तरोत्तर वाढत गेली' या जातीची, आणि एकाही वाचकाच्या ते ध्यानात आलं नाही. मागल्या खोलीत गाणी भरून घेणं त्यानं थांबवलं. भजनी मंडळं यायची, तो हात जोडायचा. "दुसऱ्याचा आवाज बिगडवायला नगं," म्हणायचा. देवळापुढे सनई वाजवणारे एक म्हातारेबुवा तीनदा येऊन परत गेले. ते पुढच्या वर्षी वारले, त्यांची सनई कोणाकडेच नाही. गिरणीच्या आवाजानं आपले कान गेले असं सिद्रामनं मनाशी धरलं होतं. कामावर जाताना कानात कापूस घालायचा. डॉक्टरलाही दाखवून आला. "त्यो म्हणला, कान झकास हायत. पर मास्तर, त्यानं नुसता लोखंडी काटा कानापाशी वाजवून बघितला. गाणं थोडंच वाजवलं?"

सांगायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एकदा केला. मागांची सुट्टी होती, पेठ शांत होती, वहिनींनी चहा आणून ठेवला होता. मी म्हणालो, "सिद्राम, त्या दिवशी पडद्यामागे..." त्यानं हात वर केला. "सोडा की मास्तर. उलट बरं झालं तुमी हुता. दुसरा कुणी आसता तर माज्या तोंडाकडं बघून खोटं बोलला आसता. न्हायतर मी जल्मभर सोताला लई शाना समजत बसलो आसतो..." मी चहा प्यालो. कप ठेवला. पावसापाण्याचं काहीतरी बोललो आणि उठलो. त्यानंतर भवानी पेठेतून जायची वेळ आली की मी वळसा घालून जायला लागलो. सायकलवरून तो समोर आला तर 'शाळेची घाई आहे' म्हणायचो, मग दिवस कुठलाही असो. अशी वर्षं गेली. आणीबाणी आली, उठली, कॅसेटची यंत्रं आली, शेठजींनी दिलेला अँप्लिफायर दोनदा बिघडून मुंबईला जाऊन आला. सिद्राम आता मागल्या खोलीत काय करतो, हे मी कोणाला विचारलं नाही.

माती होऊन चौथा आठवडा संपत आला तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. महादेवीवहिनी उंबऱ्याशी ज्वारी निवडत होत्या. "या मास्तर," म्हणाल्या, एवढे दिवस का आला नाहीत ते विचारलं नाही. मी मागली खोली बघू का म्हटलं. चादरी तशाच होत्या. बाकीची यंत्रं भिंतीला लावून झाकून ठेवली होती आणि मधल्या टेबलावर फक्त दोन होती. एक ओळखीचं, आठ महिन्यांचं, मंडळासाठी केलेलं. दुसरा एक बसका पत्र्याचा डबा, मी कधी न पाहिलेला. दोन्हींच्या मधे लाकडी पट्टीवर एक मोठं काळं बटण बसवलेलं होतं.

"ह्यो ट्रान्झिस्टरचा हाय," वहिनी म्हणाल्या. "त्यांनीच केला. तुमचा त्यो कार्यक्रम झाल्यावर वरीसभर बसून शिकले. हे बटन हिकडं फिरवलं की वॉलचा वाजतोय, तिकडं फिरवलं की ह्यो. रोज सकाळी आंगुळ झाली की हितं खुर्चीवर बसायचे, भिताडाकडं तोंड करून. मी मागं हुबी. माज्या मनाला यील तसं बटन फिरवायची. ते सांगायचे कंचा वाजतोय त्ये."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. बरोबर सांगायचे की. एक दिस चुकले न्हाईत."

"तुम्ही त्याला सांगायचा नाहीत?"

"रोज सांगायची. बरोबर हाय म्हणायची. ते म्हणायचे, तू माजं मन राखाय बोलतीस. एकदा म्या सिद्धेश्वराची आन घेतली. तरी न्हाय. म्हणायचे, तू बायकू हायस, तू तसंच म्हणणार. मास्तर शिकल्याला माणूस, चारचौघांत सांगितलंय, पेपरात छापलंय. त्ये कशाला खोटं बोलतील?" वहिनी बटणाकडे बघत बोलत होत्या. त्यांचा अंगठा लागून लागून त्याचा काळा रंग एका बाजूनं उडाला होता. "लई भांडान व्हायचं त्यापायी. शेवटी शेवटी मी बरोबर हाय म्हणायचंच सोडलं. नुसतं बटन फिरवायची."

मी तिथेच, सिद्रामच्या खुर्चीत बसून सगळं सांगितलं. स्क्रू, पेचकस, हशा, तिन्ही वेळा एकच यंत्र. सांगताना मला वाटलं होतं की मी रडेन, पण रडायलाही आलं नाही. बाहेर माग चालू होते, पण चादरींमुळे त्या खोलीत ते लांब कुठेतरी चालल्यासारखे वाटत होते. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "स्क्रू लागंना म्हणून?"

"हो."

"मंग त्यास्नी हाक मारायची की मास्तर. ते म्होरंच बसले हुते. येऊन लावून दिला आसता."

हे मला सहा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. हाक मारली असती तर तो धावत आला असता, दोन सेकंदांत स्क्रू पिळला असता आणि पुन्हा जाऊन भिंतीकडे तोंड करूनही बसला असता. मी काहीतरी क्षमेचं बोलायला लागलो. वहिनींनी ते ऐकून घेतलं नाही. "मला सांगून काय हुतंय? चारचौघांत बोलला हुता, चारचौघांतच सांगा. पेपरात लिवा. मला वाचाय येत न्हाय, शेजारच्या मागावरचं पोरगं वाचून दावंल. हितंच बसून वाचून घीन, मोठ्यानं." मी येऊ का तेव्हा, असं विचारलं. नको म्हणाल्या.

म्हणून हा लेख. आता मागल्या खोलीत मोठ्यानं वाचलं जाईल ते असं. त्या रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात तिन्ही वेळा सिद्रामप्पांचाच अँप्लिफायर वाजला. दुसऱ्यांदा नवा होता, हे मी खोटं बोललो आणि नंतर खोटंच छापलं. सिद्रामप्पा बरोबर होते. त्यानंतर रोज सकाळी, भिंतीकडे तोंड करून त्यांनी जे जे सांगितलं, तेही बरोबर होतं. आणि महादेवीवहिनी त्यांना खरं तेच सांगत होत्या.